शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: फौंड्रीतलं रिजेक्शन आणि क्वालिटी मॅनेजमेंट, प्लॅनिंग कसं करू?

सानिका_प्रॉडक्शन, ९ ऑगस्ट

नमस्कार सगळ्यांना. मी प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापूरला. आमचा चौघांचा ग्रुप आहे आणि गाइड सरांनी सांगितलंय की क्वालिटी मॅनेजमेंटवर काहीतरी करा, विषय तुम्हीच ठरवा, महिनाअखेरीला सिनॉप्सिस द्या.

आम्ही दोन विषय काढलेत. एक म्हणजे "लघु व मध्यम उद्योगांमध्ये टीक्यूएमची अंमलबजावणी". टीक्यूएम म्हणजे टोटल क्वालिटी मॅनेजमेंट, सगळ्या कंपनीनं मिळून गुणवत्ता सांभाळायची पद्धत. यात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पन्नासेक कंपन्यांना प्रश्नावली पाठवायची, १ ते ५ मध्ये उत्तरं घ्यायची, ती सॉफ्टवेअरमध्ये टाकून निष्कर्ष काढायचे. सीनिअर्सनी असंच केलं होतं, फॉरमॅट तयार आहे.

दुसरा असा की एकीच्या मामांच्या ओळखीनं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत जायला मिळतंय. ग्रे आयर्नची कास्टिंग्ज (ओतीव भाग) करतात, ग्रीन सँड मोल्डिंग (ओलसर वाळूचे साचे), इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) आहे. मालक म्हणाले की पावसाळा आला की रिजेक्शन वाढतं, दरवर्षीचंच आहे, कारण शोधून द्या, लागेल ती मदत करतो. मागच्या काही वर्षांची रजिस्टरं आहेत म्हणाले.

मला दुसरा आवडलाय पण भीती वाटते की वेळेत झालं नाही तर काय, आणि यात "रिसर्च" कुठे आहे असं परीक्षकांनी विचारलं तर काय सांगायचं. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, सुरुवात कुठून करायची, किती डेटा लागतो, काय टाळायचं.

चाकणकर, ९ ऑगस्ट

दुसरा घे, डोळे मिटून घे.

मी चाकणला सप्लायर क्वालिटी बघतो, रोज कास्टिंगवाल्यांशीच काम असतं. त्या टीक्यूएमच्या प्रश्नावल्या आमच्याकडे पण येतात ना, त्या भरतो कोण? क्वालिटी मॅनेजर किंवा एचआरमधला नवीन मुलगा. "वरिष्ठ व्यवस्थापन गुणवत्तेस प्राधान्य देते का?" यावर कुठला माणूस कंपनीचा शिक्का मारून २ लिहिणार आहे? सगळे ४ आणि ५. मग तुम्ही सरासरी काढणार ४.२ आणि निष्कर्ष काय, तर कंपन्या गुणवत्तेबाबत जागरूक आहेत. यातून तुम्हाला काही शिकायला मिळत नाही आणि कंपनीलाही नाही.

पण "पावसाळ्यात रिजेक्शन का वाढतं" हा प्रश्नसुद्धा अजून फार मोठा आहे. फौंड्रीत वीस-पंचवीस तरी पार्ट असतील, प्रत्येकाचे डिफेक्ट वेगळे. एक पार्ट आणि एक डिफेक्ट पकडा, बास. तो निवडताना पॅरेटो, म्हणजे सगळ्यात जास्त नुकसानीपासून उतरत्या क्रमानं लावलेला चार्ट, दोनदा काढा, एकदा नगावर आणि एकदा वजनावर किंवा रुपयांवर. दोन किलोचे पन्नास ब्रॅकेट गेले आणि चाळीस किलोची पाच हाउसिंग गेली तर नगावर ब्रॅकेट पुढे दिसतो पण मालकाचा पैसा हाउसिंगमध्ये गेलेला असतो. दोन्ही चार्ट शेजारी शेजारी लावले तरी रिपोर्टचं पहिलं चांगलं पान तयार होतं.

मास्तर_जयसिंगपूर, १० ऑगस्ट

चाकणकरांशी बऱ्याच अंशी सहमत, पण प्रश्नावलीला सरसकट नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. ग्राहक काय अपेक्षा धरतो आणि त्याला काय मिळतं यातली दरी मोजायला प्रश्नावलीशिवाय मार्ग नाही, बँक, एसटी, दवाखाना अशा सेवांमध्ये तर नाहीच. सर्व्हक्वालसारखी मोजपट्टी १९८८ पासून वापरात आहे, तिची २२ विधानं आणि पाच अंगं नीट तपासलेली आहेत. पण विद्यार्थी स्वतःच एका रात्रीत वीस प्रश्न लिहितात, कुणावर तपासून बघत नाहीत आणि वाटून मोकळे होतात.

टीक्यूएम हा अख्ख्या कंपनीनं वर्षानुवर्षं करायचा उद्योग आहे. सुंदरम क्लेटन कंपनीला १९९८ मध्ये गुणवत्तेसाठीचं जपानी डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतात पहिलं, त्यामागे कित्येक वर्षांचं काम होतं. चार विद्यार्थ्यांनी दोन सेमिस्टरमध्ये "अंमलबजावणीचा अभ्यास" करायचा म्हणजे नक्की काय बघायचं हा प्रश्नच आहे.

सानिका, "रिसर्च कुठे आहे" याचं उत्तर असं. तुमचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर "नाही" येऊ शकेल. "पावसाळ्याचा रिजेक्शनवर परिणाम अभ्यासणे" हा प्रश्नच नाही, ते शीर्षक झालं. "अमुक कास्टिंगमधले ब्लोहोल कोअर ओला झाल्यामुळे होतात का" हा प्रश्न (ब्लोहोल म्हणजे गॅसमुळे पडलेलं भोक, कोअर म्हणजे आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा ठोकळा), कारण कदाचित होत नसतील. आणि "नाही" आलं तरी प्रोजेक्ट फुकट जात नाही, हे गाइडशी आधीच बोलून ठेवा.

क्वालिटी मॅनेजमेंट शब्द हवा असेल तर आयएसओ ९००१:२०१५ हे त्याचं मानक उघडा. ७.१.५ मोजमापाच्या साधनांबद्दल आहे, ८.७ सदोष मालाचं काय करायचं त्याबद्दल आणि १०.२ सुधारात्मक कारवाईबद्दल. तुमचं काम या तिन्हींत बसतं. फौंड्रीकडे सर्टिफिकेट असेलच, मग या कलमांखाली ते प्रत्यक्षात काय करतात ते बघून लिहा, तो एक प्रकरणाचा मजकूर होतो. जुने प्रबंध शोधगंगा या साइटवर आहेत. सँड टेस्टिंगचं भारतीय मानक आयएस १९१८, कंट्रोल चार्टचं आयएस ३९७, बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) साइटवर नोंदणी करून बघता येतात. आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर तुमच्या दारातच आहे, तिथे जाऊन या.

भट्टीवाला, १० ऑगस्ट

सानिका, मी आयुष्य फौंड्रीतच काढलंय, आधी मोल्डिंगला आणि आता सुपरवायझर. पुस्तकातलं ही बाकीची मंडळी सांगतील, मी आतलं सांगतो.

पावसाळा म्हटलं की सगळे सँडकडं बोट दाखवतात. सँड असतीच कारण, नाही असं नाही. नवीन सँड उघड्यावर पडलेली असती, ओली होती, आणि मग मलरला, म्हणजे सँड मिसळायच्या यंत्राला, पाणी किती घालायचं त्याचा अंदाज चुकतो. आमच्यात मॉइश्चर ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, अर्धा टक्का इकडं तिकडं झालं तरी कास्टिंगवर दिसतंय. पण चांगल्या सँड प्लँटला लॅबवाला तासातासाला मॉइश्चर, परमिएबिलिटी (सँडमधनं हवा किती जाती ते) आणि जीसीएस (ओल्या सँडची ताकद) बघतो, बिघडलं तर लगेच कळतं. कोअरचं तसं नसतं. कोअर सकाळी केला, रॅकवर ठेवला, तीन दिवसांनी वापरला, मधी धो धो पाऊस, शेडच्या पत्र्यातनं ओल. त्याचं मॉइश्चर कोण बघतंय? कुणीच नाही.

त्यात कोअर कुठला आहे ते आधी विचार. शेल कोअर भाजलेला असतो, तो बऱ्यापैकी टिकतो. सीओटू कोअर म्हणजे सोडियम सिलिकेटवाला, त्याला दमट हवा अजिबात चालत नाही, दोन-चार दिवसांत कडा हातानं सुटाय लागतात. कोल्ड बॉक्सलाबी ओल बाधते. आणि वॉटरबेस वॉश, म्हणजे कोअरवरचा पाण्यातला लेप, मारत असतील तर तो ओव्हनमध्ये पूर्ण सुकवतात की नाही ते स्वतः उभं राहून बघ, विचारू नको, विचारलं की सगळे व्हय म्हणतात.

आणखी एक. ब्लोहोल म्हणजे काय ते चौघांनी आधी डोळ्यांनी बघून घ्या. गुळगुळीत आतून चकचकीत गोल भोक म्हणजे गॅस. खडबडीत, कडेला वाळूचे कण अडकलेलं म्हणजे सँड पडलीय साच्यात. जाड भागात फाटल्यासारखी खरबरीत पोकळी म्हणजे श्रिंकेज, ते फीडिंगचं दुखणं, आवळताना पुरेसा धातू मिळत नाही, त्याचा पावसाशी काय संबंध नाही. हे तिन्ही रजिस्टरला "होल" म्हणून लिहिलेलं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

सानिका_प्रॉडक्शन, १३ ऑगस्ट

सगळ्यांचे खूप खूप आभार. काका, तुमचं वाचून काल परत गेलो आणि कोअर शॉपमध्येच बसलो. सीओटू कोअरच आहेत. रॅक भिंतीला लागून आहे आणि त्या भिंतीला ओल आहे, हात लावला तर कळतं. कोअर कधी केला ते लिहिलेलं नसतं, जो पुढे असतो तो उचलतात, म्हणजे मागचे मागेच राहतात.

रजिस्टर पण बघितलं. त्यात कॉलम असे आहेत: तारीख, पार्ट, ओतलेले नग, रिजेक्ट नग, कारण. कारणात ब्लो, सँड, शिफ्ट (साचा सरकणं), कोल्ड (धातू गार पडणं), इतर. काका म्हणाले तसंच आहे, "ब्लो" मध्ये काय काय असेल सांगता येत नाही. आणि ग्राहकाच्या मशीन शॉपमधून परत आलेला माल वेगळ्या वहीत आहे, त्यात फक्त आल्याची तारीख आणि नग.

पॅरेटो काढला, एक पंप हाउसिंग नगावरही वर आहे आणि वजनावरही, त्यामुळे तेच घेतोय. मग आता जून ते सप्टेंबर आणि इतर महिने अशी तुलना केली तर चालेल ना?

चाकणकर, १३ ऑगस्ट

थांब, इथेच खरी मेख आहे. रजिस्टरमधली तारीख कसली आहे? ओतल्याची की रिजेक्ट केल्याची?

आज ओतलेलं कास्टिंग नॉकआउट (साचा फोडणं), शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग (घासून साफ करणं) करून इन्स्पेक्शनला दोन-तीन दिवसांनी येतं. ते पास होऊन ग्राहकाकडे जातं, तिथे मशीनवर पहिला कट घेतला की पृष्ठभागाखालचा ब्लोहोल उघडा पडतो, आणि तो माल परत यायला कधी कधी महिना जातो. म्हणजे जुलैच्या पावसात ओतलेलं ऑगस्ट-सप्टेंबरच्या नावावर चढतं. तुम्ही रिजेक्शनच्या तारखेनं आलेख काढला आणि शेजारी पावसाचे आकडे लावले तर काहीच जुळणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतंच काहीतरी जुळेल.

हीट कोड बघा. कास्टिंगवर उठवलेला असतो, त्यावरून ओतल्याची तारीख आणि बहुतेक पाळी पण मिळते. परत आलेल्या मालाचे हीट कोड आजपासून उतरवून घ्या. जुन्या मालाचं आता काही करता येणार नाही, तो भंगारात जाऊन परत वितळला पण असेल.

गोंयकार_क्यूए, १४ ऑगस्ट

मी फार्मात आहे, वेर्णेला, कास्टिंगमधलं काहीही कळत नाही. पण डेटाबद्दल बोलायचं तर आमच्याकडे एक नियम अंगात मुरवलेला असतो: नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम झालं त्याच क्षणी केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि बरोबर पाहिजे. यातलं "त्याच क्षणी" सगळ्यात आधी मोडतं.

सानिका, ते रजिस्टर भरताना बघ. पाळी संपताना एकाच पेनानं, एकाच बैठकीत, सगळे आकडे एका दमात भरले जातात का? तसं असेल तर ते आठवणीतून आलेले आकडे आहेत. आधी कुठेतरी खडूनं, पुठ्ठ्यावर, खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलं जात असेल, ती मूळ नोंद. ती मिळव, फोटो काढ, तारीख लिही. आणि तुमच्या स्वतःच्या नोंदींना पानं क्रमांक घातलेली बांधीव वही वापरा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही करा, व्हाइटनर नको.

तिसरी_पाळी, १४ ऑगस्ट

मी फायनल इन्स्पेक्शनला आहे, दुसऱ्या एमआयडीसीत, नाव नको. वरची चर्चा चांगली चाललीय पण एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

कारणाच्या कॉलममध्ये जे लिहिलं जातं त्यावर कुणाचे तरी पैसे ठरतात. आमच्याकडे "कोअर" लिहिलं की कोअर शॉपच्या ठेकेदाराच्या बिलातून कापतात, मग तो माणूस दुपारी आमच्या टेबलापाशी येतो. "मोल्डिंग" लिहिलं की त्या पाळीचा इन्सेन्टिव्ह जातो. "सँड" लिहिलं की कुणाचंच काही जात नाही. मग शंका असेल तिथं हात आपोआप कुठं जाणार ते तुम्हीच सांगा. आम्ही खोटं लिहितो असं नाही, पण दोन्हीपैकी काहीही असू शकतं असा पीस असतो तेव्हा असं होतं, आणि असे पीस रोज असतात.

म्हणून पोरांनो, प्रोजेक्टसाठी कारण लिहायचं असेल तर तो कागद वेगळा ठेवा, त्याचा पगाराशी आणि बिलाशी संबंध नाही हे मालकाकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. रिपोर्टमध्ये कामगारांची नावं घालू नका, क, ख, ग लिहा. तुम्ही सहा महिन्यांनी जाल, ती माणसं तिथंच राहणार आहेत.

आणि एकदा असं करा. त्या हाउसिंगचे तीसेक पीस घ्या, त्यात चांगले, वाईट आणि मधले असे मिसळ. नंबर टाका. तीन इन्स्पेक्टरना एकेकटे बोलवून दाखवा, पास की फेल, फेल असेल तर कारण. दोन दिवसांनी क्रम बदलून परत दाखवा. एकाच पीसवर तिघांची मतं किती वेळा जुळतात, आणि एकाच माणसाचं स्वतःशी तरी जुळतं का, ते बघा.

संख्याताई, १५ ऑगस्ट

तिसरी_पाळी यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. त्यांनी सांगितलं त्याला मेजरमेंट सिस्टिम ॲनालिसिस (एमएसए) म्हणतात, पास-फेलसाठी कप्पा (kappa, मतं किती जुळतात त्याचा आकडा) काढतात. वाहन उद्योगातल्या एमएसए मॅन्युअलप्रमाणे ०.७५ च्या वर कप्पा म्हणजे चांगली सहमती, ०.४ च्या खाली म्हणजे तपासणीवर विसंबून काहीच ठरवू नये. तुमचा ०.४ च्या खाली आला तर तोच प्रोजेक्टचा पहिला निष्कर्ष, आणि मग चौघांनी मिळून डिफेक्टचे नमुने आणि फोटोंचा बोर्ड बनवायचा, इन्स्पेक्टरांबरोबर बसून व्याख्या ठरवायच्या आणि परत मोजायचं.

आता आकड्यांबद्दल. समजा हाउसिंगचं सरासरी रिजेक्शन ६ टक्के आहे आणि रोज २०० नग ओतता. पी चार्ट म्हणजे रोजच्या रिजेक्शनच्या टक्क्यांचा कंट्रोल चार्ट, त्याची हद्द म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन सिग्मा. सिग्मा म्हणजे ०.०६ गुणिले ०.९४ भागिले २०० याचं वर्गमूळ, येतं साधारण ०.०१७. तीनपट केलं की ०.०५. म्हणजे काहीही बदललेलं नसताना, तीच माणसं, तीच सँड, तोच कोअर असताना, एखाद्या दिवशी १ टक्का आणि एखाद्या दिवशी ११ टक्के येऊ शकतं. काल ४ होतं आज ९ झालं म्हणून पाळीच्या माणसावर ओरडणं किंवा सँडचं मिक्स बदलणं यानं काही साधत नाही, उलट बिघडतं. कंट्रोल चार्टचा जनक शेवार्ट यानं १९२४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत हेच दाखवलं, आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून तो १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला. म्हणजे ही पद्धत आपल्याकडे काही काल आलेली नाही, तरी अजून रोजच्या आकड्यावर मीटिंगा होतात.

सानिका, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: जून ते सप्टेंबर विरुद्ध बाकीचे महिने ही तुलना कर, पण ती फक्त सुरुवात म्हणून. त्यातून पाऊस आणि रिजेक्शन सोबत वाढतात एवढंच कळेल. पावसाळ्यात वीज जाते, भट्टी थांबते, धातू गार होतो, गावी लावणीला माणसं जातात आणि नवीन पोरं मोल्डिंगला येतात, हे सगळं त्याच महिन्यांत होतं.

एमबीए_ऑप्स, १५ ऑगस्ट

मला वाटतं डीमॅक वापरा, डिफाइन मेजर ॲनालाइझ इम्प्रूव्ह कंट्रोल, स्ट्रक्चर आपोआप येतं. फिशबोन (कारणांची आकृती) काढा, फाइव्ह व्हाय करा (पाच वेळा का विचारायचं), मग सुधारणा लागू करा आणि आधीचं-नंतरचं रिजेक्शन दाखवा. प्लेसमेंटला पण सिक्स सिग्मा प्रोजेक्ट म्हणून सांगता येतं. आमच्याकडे असे बरेच झालेत. सुधारणा ऑक्टोबरमध्ये लागू केली तर डिसेंबरपर्यंत रिझल्ट मिळेल.

संख्याताई, १५ ऑगस्ट

डीमॅकच्या क्रमाला माझा विरोध नाही, प्रकरणांची नावं तीच ठेवा हवं तर. पण ऑक्टोबरला माझा ठाम विरोध आहे!

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबतो. त्यानंतर रिजेक्शन कमी होणारच आहे, तुम्ही रॅक बदला, नाहीतर कोअर शॉपमध्ये नारळ फोडा. आधी-नंतरची तुलना इथं काहीच सिद्ध करत नाही, आणि कुठल्याही जाणत्या परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असेल.

म्हणून जे करायचं ते आत्ता, पाऊस असतानाच आणि एकाच वेळी दोन्ही. एकाच दिवशी, एकाच पाळीत, एकाच धातूत निम्म्या साच्यांत नेहमीच्या रॅकवरचे कोअर आणि निम्म्यांत कोरडे ठेवलेले कोअर. म्हणजे बाकी सगळं दोघांना सारखं मिळतं, फरक फक्त कोअरचा. कुठल्या साच्यात कुठला कोअर हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरवून ठेवा, कामगाराच्या हाताला येईल तसं नको.

नग किती? ६ चे ४ टक्के झाले हे पकडायचं तर दोन्ही गटांत सुमारे १८६० प्रत्येकी लागतील. ६ चे ३ झाले हे पकडायचं तर सुमारे ७५० प्रत्येकी पुरतात. नेहमीची ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडायची शक्यता) धरलीय. रोजचे २०० ओतत असतील तर दुसरं सहज जमतं, पहिल्याला तीन आठवडे धरा.

भट्टीवाला, १६ ऑगस्ट

ताई म्हणतात ते बरोबर आहे, मीपण हेच म्हणणार होतो. कोल्हापूरचा पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे, हातात वेळ आहे पण लई नाही.

कोरडे ठेवायला काय मोठं लागत नाही. बंद होणारं लोखंडी कपाट, आत दोन बल्ब किंवा छोटा हीटर, कोअर भिंतीपासून लांब आणि प्रत्येकावर केल्याची तारीख खडूनं. साधा हायग्रोमीटर एक कपाटात आणि एक रॅकवर लटकवा, पाळीला दोनदा आकडा लिहा. आणखी चांगलं करायचं तर कोअर केल्यावर वजन घ्या आणि साच्यात ठेवायच्या आधी परत घ्या. सीओटू कोअर सुकताना वजन थोडं कमी होतंच, म्हणून एकट्या आकड्याकडं बघू नका, कपाटातला आणि रॅकवरचा यांच्यात फरक किती ते बघा.

ओतायचं टेंपरेचर प्रत्येक लाडलला (धातू ओतायच्या भांड्याला) लिहा. शेवटचे साचे गार धातूत भरले जातात, तिथं गॅस बाहेर पडायच्या आधीच धातू आवळतो.

मास्तर_जयसिंगपूर, १६ ऑगस्ट

सानिका, सिनॉप्सिस महिनाअखेरीला आणि पाऊस आत्ता, त्यामुळे गाइडना उद्याच भेटा आणि चाचणी सुरू करायची लेखी परवानगी घ्या. कंपनीकडूनही पत्र घ्या, त्यात तीन गोष्टी हव्यात: कंपनीचं नाव रिपोर्टमध्ये छापायचं की नाही, कुठले आकडे बाहेर जाऊ द्यायचे, आणि चाचणीचे पीस ग्राहकाला पाठवायला त्यांची हरकत नाही. यातलं काही राहिलं तर जानेवारीत रिपोर्ट लिहिताना कंपनी म्हणते की हे छापू नका, आणि तेव्हा मुलांच्या हातात काही उरत नाही.

सानिका_प्रॉडक्शन, १८ ऑगस्ट

सर, परवानगी मिळाली, दोन्ही! गाइड सर आधी म्हणाले की एवढं नको, साधं करा, मग ताईंचा ऑक्टोबरचा मुद्दा सांगितला तर लगेच म्हणाले सुरू करा, मी सिनॉप्सिस बघून घेतो. मालकांनी तर कपाट स्वतःच आणून दिलं.

आमचं असं ठरलंय, चुकत असेल तर सांगा.

प्रश्न एकच: पावसाळ्यात सीओटू कोअर कोरड्या कपाटात ठेवले तर पंप हाउसिंगमधले ब्लोहोल कमी होतात का. या आठवड्यात तीन इन्स्पेक्टरांबरोबर तीस पीसची तपासणी, कप्पा काढणार, आणि इन्स्पेक्टरांना बरोबर घेऊन फोटोबोर्ड. पुढच्या आठवड्यापासून चाचणी, दोन्ही गटांत कमीत कमी ७५० पण ऑर्डर असेपर्यंत चालू ठेवायची. आमच्यापैकी दोघं कोअर आणि मोल्डिंगला उभे राहणार, दोघं इन्स्पेक्शनला, आणि इन्स्पेक्शनच्या दोघांना कुठला पीस कुठल्या गटाचा ते माहीत नसणार. ग्राहकाकडून परत येणारे पीस हीट कोडवरून जोडणार, त्यासाठी नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबणार, तोपर्यंत जुन्या रजिस्टरचे पी चार्ट आणि आयएसओच्या कलमांचं प्रकरण लिहून होईल. कामगारांची नावं कुठेच नाहीत, आणि मालकांनी काल पाळी बदलताना सगळ्यांना सांगितलं की या कागदावरून कुणाचं काही कापणार नाही. कोअरचे ठेकेदार काका त्यानंतर स्वतःहून येऊन बोलले, ते म्हणाले मी दोन वर्षं सांगतोय ती भिंत गळते.

एक अडलंय. हीट कोड दोन्ही गटांना सारखाच असणार, कारण धातू एकच. मग नॉकआउटनंतर कुठल्या कास्टिंगमध्ये कुठला कोअर होता ते ओळखायचं कसं? रंग तर भाजून जाईल.

तिसरी_पाळी, १८ ऑगस्ट

त्या ठेकेदाराला रिपोर्टमध्ये श्रेय द्या, नाव न घालता का होईना. छान चाललंय.

चाकणकर, १८ ऑगस्ट

पॅटर्नवर (साचा काढायच्या नमुन्यावर) दोन इंप्रेशन, म्हणजे एका साच्यात दोन नग, असतील तर १ नंबरच्या कॅव्हिटीत नेहमी कोरडा आणि २ मध्ये नेहमी रॅकवरचा असं चुकूनही करू नका, मग फरक कोअरचा की कॅव्हिटीचा ते कळणार नाही. खूण वेगळीच हवी. आणि ती ग्राहकाला आधी कळवा, अनोळखी खूण दिसली की आमच्यासारखे लोक अख्खा लॉट होल्डवर टाकतात.

भट्टीवाला, १८ ऑगस्ट

सोपं आहे. साचा बंद करायच्या आधी वरच्या पेटीत खिळ्यानं हलकी रेघ ओढ, वाळूतली रेघ कास्टिंगवर उठून येती. एका गटाला एक आडवी, दुसऱ्याला एक उभी, म्हणजे दोन्हीला खूण आहे आणि कुठली कशाची ते फक्त मोल्डिंगच्या दोघांना माहीत. रेघ ओढली की सुटलेली वाळू फुंकून काढ, नाहीतर सँड इन्क्लूजन तुम्हीच तयार कराल. जागा बघून निवड, मशीनिंग होणाऱ्या तोंडावर नको, पहिल्या कटला जाईल. आणि पार्टिंग लाइनजवळ (दोन पेट्या मिळतात तिथं) तर अजिबात नको, फेटलिंगवाला तिथं ग्राइंडर फिरवतो. हाउसिंगच्या पाठीवर कंपनीचा लोगो उठवलेला असेल बघ, त्याच्या शेजारी ओढ, तिथं कुणी हात लावत नाही.